ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया: धोरणाचा परिणाम मोजायचा कसा?

गोदाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी सार्वजनिक आरोग्य विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सामाजिक आणि आर्थिक धोरणांमुळे आरोग्यातील विषमता कमी होते की वाढते, हा आमच्या विभागाचा व्यापक विषय असून त्यातला बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा भाग मी प्रबंधासाठी घेतला आहे. पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक असेल. २०१९ मध्ये या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे समोर आले. अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी खासगी रुग्णालयांनी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असे बंधनही त्याच वर्षी जिल्ह्यात आले.

माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की नियमाआधीचे प्रमाण आणि नंतरचे प्रमाण काढावे, आणि जो फरक दिसेल तो नियमाचा परिणाम मानावा. मला हे पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांच्यासमोर नीट मांडताही येत नाही.

शंका कुठून आली ते सांगते. गेल्या महिन्यात प्रश्नावलीची चाचणी घेत असताना पस्तिशीच्या एका बाईंनी पत्र्याच्या पेटीतून एक कॅरीबॅग काढली आणि आतले कागद बाजेवर पसरले. दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड होते, सोनोग्राफीची फिल्म होती, आणि त्यांच्यासोबत घडी घालून ठेवलेले, मुकादमाच्या (मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराच्या) वहीतले एक पान होते. त्यावर त्या वर्षीची उचल, म्हणजे हंगामाआधी मजुरीपोटी दिलेली आगाऊ रक्कम, लिहिलेली होती. "पिशवी काढली त्या सालची उचल हाय ही, दवाखान्याचं पैसं ह्यातच धरल्यात," असे त्या म्हणाल्या. डिस्चार्ज कार्डावरची माहिती लिहायला माझ्या प्रश्नावलीत सात रकाने आहेत, मुकादमाच्या पानासाठी एकही नाही.

तेव्हा माझे प्रश्न दोन आहेत. तुलना कोणाशी आणि कशी करावी? आणि ज्याचा परिणाम मोजायचा ते धोरण नेमके कोणते, दवाखान्यावरचा नियम की मजुरीची पद्धत?

आकडेमोड

तुमची शंका रास्त आहे. आधी आकड्यांचे बोलतो, कारण सर्वांत मोठी चूक तिथेच होण्याचा संभव आहे.

१३,८६१ भागिले ८२,३०९ म्हणजे १६.८ टक्के. याच्या शेजारी राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतला (२०१५-१६) महाराष्ट्राचा २.६ टक्के हा आकडा ठेवून "साडेसहापट" असे लिहिण्याची पद्धत पडली आहे. सर्वेक्षणातला आकडा १५ ते ४९ वयोगटातील सर्व स्त्रियांचा आहे, म्हणजे त्यात शाळा-कॉलेजातल्या अविवाहित मुलीही मोजलेल्या आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रिया मात्र जवळजवळ सगळ्या विवाहित आणि बाळंतपणे उरकलेल्या किंवा उरकत आलेल्या असतात. गर्भाशय काढलेल्यांचे प्रमाण वयाबरोबर चढतच जाते, त्यामुळे दोन्ही गटांची वयरचना सारखी केल्याशिवाय हे आकडे शेजारी ठेवणे योग्य नाही. वय जुळवल्यावरही मोठी तफावत उरेल असे मला वाटते, पण ती साडेसहापट असणार नाही, आणि नेमकी किती हे तुमच्या प्रबंधाने सांगितले तर तेवढ्यानेही त्याचे सार्थक होईल.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. गर्भाशय एकदा काढले की ते परत येत नाही. १६.८ टक्के ही अनेक वर्षांची साठलेली बेरीज आहे. उद्या एकही नवी शस्त्रक्रिया झाली नाही, तरी पुढच्या वर्षीच्या पाहणीत हे प्रमाण जवळपास तेवढेच दिसेल, आणि "नियमाचा काही उपयोग झाला नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघेल. नियमाचा परिणाम शोधायचा असेल तर दर वर्षी नव्याने झालेल्या शस्त्रक्रिया मोजाव्या लागतील, आणि त्या वर्षाच्या सुरुवातीला ज्यांचे गर्भाशय शाबूत होते तेवढ्याच स्त्रिया छेदात धराव्या लागतील. यासाठी प्रत्येकीचा वर्षवार तक्ता करावा. लग्नाचे साल, बाळंतपणे, नसबंदी आणि शस्त्रक्रिया एकाच पट्टीवर मांडाव्यात. इसवी सन विचारू नका, ते कोणाच्या लक्षात नसते, "त्या साली कोणत्या कारखान्यावर होता?" असे विचारले की उत्तर सहसा बिनचूक मिळते.

आता केवळ आधी-नंतरच्या तुलनेत काय बिघडते ते पाहा. नियम २०१९ चा आणि टाळेबंदी मार्च २०२० ची. त्या वर्षी टाळता येण्याजोग्या शस्त्रक्रिया सगळीकडेच पुढे ढकलल्या गेल्या, त्यामुळे बीडमध्ये दिसणारी घट नियमाची की साथीची हे एकट्या बीडकडे पाहून सांगता येणार नाही. त्यासाठी, जिथून ऊसतोडीच्या टोळ्या जातात पण हा नियम नव्हता, अशी गावे घ्यावीत. जालना आणि परभणी जिल्ह्यांत, पाथर्डी तालुक्यात, जतकडच्या भागात अशी गावे सापडतील. बीडमधला बदल वजा त्या गावांमधला बदल हा तुमचा अंदाज. मात्र त्याआधी २०१९ पूर्वीच्या पाच-सात वर्षांत दोन्हीकडचा कल सारखा होता हे दाखवावे लागेल, नाहीतर ही वजाबाकी पोकळ ठरते. आणखी एक वाट बुजवायला विसरू नका. आष्टीकडची माणसे पूर्वीपासून उपचारांना नगरला जातात आणि अंबाजोगाईकडची लातूरला. बीडमध्ये परवानगीची अट आली म्हणून शस्त्रक्रिया जिल्ह्याबाहेर सरकल्या असतील, तर रुग्णालयांच्या नोंदींत घट दिसेल आणि बायकांच्या अंगावर दिसणार नाही. म्हणून मोजणी घरी जाऊन करावी, आणि कोणत्या गावी शस्त्रक्रिया झाली हे जरूर विचारावे.

घरी कधी जायचे हेही ठरवून घ्या. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्र ज्या पहिल्या टप्प्यात होता, तो १७ जून २०१९ ते ३० जानेवारी २०२० असा चालला. ऊसतोडीला माणसे दिवाळीच्या सुमारास निघतात, आणि २०१९ ची दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी होती. म्हणजे त्या टप्प्याच्या शेवटच्या महिन्यांत टोळ्या गावाबाहेर होत्या, आणि सर्वेक्षणात तर आदल्या रात्री त्या घरी झोपलेल्या स्त्रियांचीच मुलाखत घेतात. उसाच्या फडाजवळच्या कोप्या, म्हणजे कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्या, घरांच्या यादीत सहसा येतच नाहीत. जिल्ह्याची सरासरी ज्यांच्यावाचून काढली जाते, त्यांचीच विषमता त्या सरासरीतून शोधण्याचा हा प्रकार आहे.

दवाखान्यातून

मी ग्रामीण भागात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. वरच्या प्रतिसादातील गणिताला माझा आक्षेप नाही, पण शस्त्रक्रियेपर्यंतचा रस्ता प्रश्नावलीत आला नाही तर मोजणी बिनचूक होऊनही कारण हाती लागणार नाही.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांची तक्रार बहुधा एकच असते: अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते, ओटीपोटात दुखते. यातल्या पुष्कळ तक्रारी जंतुसंसर्गाच्या असतात आणि वेळेवर, नवराबायको दोघांनीही औषधे घेतली तर बऱ्या होतात. परंतु फडावर आडोसा नाही, पाणी दूर, पाळीचे कापड धुवायला आणि उन्हात वाळवायला जागा नाही, आणि पहाटेपासून डोक्यावर मोळ्या वाहायच्या. अशा स्थितीत बरा झालेला संसर्ग दीड महिन्यात परततो. तिसऱ्यांदा परतला की बाई स्वतःच म्हणते, "बाई, पिशवीच काढून टाका." यात कोणा डॉक्टराने फसवलेच पाहिजे असे नाही. फसवणारे नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. "ठेवलीत तर कॅन्सर होईल" हे वाक्य ऐकून आलेल्या बायका मी स्वतः पाहिल्या आहेत.

या वाक्यावर उतारा आपल्याच मराठवाड्यात सापडला होता, याचे मला फार वाईट वाटते. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (तो कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या) चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले, असा त्याचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगभर वाखाणला गेला. तो जिल्हा बीडच्या शिवेला लागून आहे. चाचणी हाताशी असती तर भीती दाखवणाऱ्याला "आधी तपासा" असे म्हणता आले असते. म्हणून तुमच्या प्रश्नावलीत "शस्त्रक्रियेपूर्वी गर्भाशयमुखाची कोणती तपासणी झाली होती का?" हा प्रश्न असायलाच हवा.

परवानगीच्या नियमाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते सगळ्यांना आवडेल असे नाही. नियम हवा होता. परंतु त्याचा जाच कोणाला होतो, हेही पाहिले पाहिजे. गाठींमुळे महिनोन्महिने रक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन सहावर आलेल्या बाईला शस्त्रक्रियेची खरीच गरज असते. तिच्या कागदांना सही मिळेपर्यंत टोळी निघायची वेळ झाली, तर ती तशीच ट्रॅक्टरवर चढते आणि सहा महिन्यांनी आणखी पांढरीफटक होऊन परतते. पैसेवाली बाई त्याच दिवशी पुण्याला जाते. तेव्हा नुसती शस्त्रक्रियांची संख्या घटली म्हणजे विषमता घटली, असे कृपया मानू नका. नाकारलेल्या किंवा लांबलेल्या शस्त्रक्रियांपैकी गरजेच्या किती होत्या, याचा छडा लागला पाहिजे. सोबत बीजांडेही काढली होती का, हेही विचारा. ती तिशीत काढली तर पाळी जाण्याचे सगळे त्रास आणि हाडांची झीज पंधरा-वीस वर्षे आधीच सुरू होते, आणि त्याच हाडांवर तिला पुढची वीस वर्षे मोळ्या उचलायच्या असतात.

पाचटवाट

माझे आईवडील बावीस हंगाम ऊसतोडीला गेले. आता मी शिक्षक आहे. मुकादमाच्या पानासाठी रकाना नाही हे वाचले म्हणून लिहितो.

नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. उचल कोयत्याला मिळते, ५० हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत, आणि हंगामभर तोडलेल्या टनांतून ती फिटते. जोडीतले कोणी एक दिवस कामावर आले नाही तर तो खाडा. खाड्याला पाचशे रुपयांच्या आसपास दंड कापतात आणि त्या दिवसाचे टनेजही बुडते. पाळीच्या चार दिवसांत बायका सुट्टी घेत नाहीत त्याचे कारण हे, इतके वर्तमानपत्रांत येऊन गेले आहे. पण सगळ्या खाड्यांचा भार सारखा नसतो, हे त्यात येत नाही. गाडी सेंटरवर बैलगाडी स्वतःची किंवा कारखान्याकडून घेतलेली, त्यामुळे कामाची वेळ थोडीफार जोडीच्या हातात असते. डोकी सेंटरवर मात्र ट्रक किंवा ट्रॅक्टर टोळीने मिळून भरायचा असतो. तिथे एक बाई बसली तर बाकीच्यांना जास्तीच्या मोळ्या वाहाव्या लागतात, आणि मग दंडापेक्षा टोळीतल्या बोलण्याची धास्ती जास्त असते. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. आई सांगायची की ताप होता तरी ती फळीवर चढली, कारण शेजारच्या कोपीतल्या जावेने तोंड फिरवले असते. तुम्ही दोन्ही प्रकारच्या सेंटरवरच्या बायकांची वेगवेगळी नोंद ठेवा. मूळ कारण मजुरीच्या पद्धतीत असेल तर डोकी सेंटरच्या बायकांत शस्त्रक्रिया जास्त दिसल्या पाहिजेत. दोन्हीकडे सारख्या दिसल्या तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

उचलीचे दुसरे अंग तुमच्या त्या बाईंनी दाखवलेच आहे. दिवाळीच्या आधी हातात एकरकमी पैसे येतात. वर्षभरात तेवढी रक्कम एकदाच हाती येते, म्हणून शस्त्रक्रिया त्याच सुमारास उरकतात आणि टाके ओले असताना टोळीबरोबर निघतात. शस्त्रक्रियेची तारीख आणि टोळी निघाल्याची तारीख यांत किती दिवस होते, ते विचारून पाहा.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. नव्या शस्त्रक्रियांचा वार्षिक दर आणि साठलेले प्रमाण यांतला फरक मार्गदर्शकांना दाखवला. त्यांनी तो लगेच मान्य केला. डोकी सेंटर आणि गाडी सेंटरची कल्पना तर मला कोणत्याही शोधनिबंधात सापडली नसती. आता अडचण एवढीच की जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आहे. हे आर्थिक धोरण स्त्रियांच्या आरोग्याला पोषकच ठरेल, असे गृहीतक मी लिहिले आहे. ते बरोबर आहे ना?

तराजू

गृहीतक म्हणून लिहायला हरकत नाही, पण उत्तर उलटेही येऊ शकते, याची तयारी ठेवा.

दर टनाला सुमारे २७४ रुपयांवरून ३६७ रुपयांवर गेला. जोडी दिवसाला २ टन तोडते असे धरले तर बुडालेल्या दिवसाची किंमत ५४८ रुपये होती, ती ७३४ झाली. खाड्याचा दंड वेगळाच. म्हणजे दरवाढीने विश्रांती महागली. दुसऱ्या बाजूने पाहता, तेवढ्याच टनांत उचल लवकर फिटते आणि हंगामाच्या उत्तरार्धात जोडीला थोडा श्वास घेता येतो. या दोन ओढींपैकी कोणती भारी पडेल, ते उचल किती वाढते यावर ठरेल. दर वाढला म्हणून मुकादमांनी उचलही त्याच पटीत वाढवली, तर कर्ज फिटायचा दिवस जिथल्या तिथे राहील आणि खाडा तेवढा महाग होऊन बसेल. म्हणून मुकादमाच्या पानासाठी एक नव्हे, तीन रकाने करा: उचल, हंगामातली कमाई आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, अंगावर राहिलेली बाकी.

याउलट, कोप्यांजवळ पाणी आणि शौचालय देणे, हंगामातल्या आजारपणाला भरपाई देणे, यांनी विश्रांती स्वस्त होते. त्यासाठी पैसा नाही असेही नाही. ऊसतोड कामगारांच्या कल्याणकारी महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तितकीच रक्कम शासनाकडून, अशी तरतूद ठरलेली आहे. राज्याचे गाळप साधारण १,००० लाख टन धरले तर नुसता कारखान्यांचा वाटा १०० कोटींच्या घरात जातो. तो फडापर्यंत किती पोहोचला, हे कारखानानिहाय शोधता आले तर तुमच्या हाती दवाखान्याच्या नियमापेक्षा चांगला प्रयोग लागेल, कारण एकाच गावातल्या बायका वेगवेगळ्या कारखान्यांवर जातात.

आणि हा प्रश्न उसापुरता समजू नका. आंध्र प्रदेशात राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत गर्भाशय काढलेल्यांचे प्रमाण ८.९ टक्के होते आणि तिथे ऊसतोडीचे स्थलांतर हे काही मुख्य कारण नव्हे. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यात गरिबांसाठीच्या सरकारी विमा योजनेचे पैसे रुग्णालयांना मिळतात म्हणून शस्त्रक्रिया झाल्याचा आरोप होता, आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्याचा आदेश राज्यांना दिला. गरिबाच्या दारी उपचार न्यावेत म्हणून केलेल्या धोरणानेही गरिबाचेच शरीर धोक्यात येऊ शकते, तेव्हा प्रत्येकीला शस्त्रक्रियेचा खर्च कुठून झाला हेही विचारा: उचल, विमा, दागिने की सावकार.

पाचटवाट

एक राहिले. यादी करताना "ऊसतोड कामगार जोडपी" असा मथळा देऊ नका. विधवा आणि टाकलेल्या बायकाही जातात, भावाबरोबर नाहीतर बापाबरोबर, आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. मुकादमाच्या वहीत त्यांचे नाव पुष्कळदा बरोबरच्या पुरुषाच्या नावाखालीच जाते. आमच्या आत्याचे नाव तशा कुठल्याच यादीत आले नाही. पिशवी तिचीही काढली होती, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी.